बाकीचा खेळ

सह्याद्रीतून उतरणारी तारळी नदी उंब्रजपाशी कृष्णेला मिळते. या डोंगररांगांच्या उतारांवर बेहड्याची झाडं आढळतात. हिरडा, बेहडा, आवळा या त्रिफळ्यातला हा बेहडा घराघरांत ठाऊक आहे. एके काळी याच फळाचे फासे होत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४वं सूक्त म्हणजे एका हरलेल्या जुगाऱ्याचं मनोगत आहे. बायको दुरावली आहे, आई दुःखात आहे, डोक्यावर कर्ज आहे, आणि तरीही फाशांचा आवाज कानी पडला की त्याचे पाय तिकडेच वळतात. ते फासे बेहड्याचे आहेत.

जुन्या ग्रंथांवरून अभ्यासकांनी या खेळाची रचना जुळवली आहे. ढिगातून मूठभर फळं उचलायची आणि चार-चारच्या गटांनी मोजायची. काहीच उरलं नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर आणि एकच उरलं तर कली. कृत हे सर्वांत चांगलं दान, कली सर्वांत वाईट. आपल्या चार युगांची नावंही हीच. म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी या देशात माणसांचं धन, घर आणि कधी कधी राज्य ठरायचं ते भागाकारात उरलेल्या बाकीवर.

आता उंब्रजच्या वेशीवरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग धरा. कोल्हापूर, निपाणी, पुढे आजरा, आंबोली, सावंतवाडी करत माणूस पणजीला पोहोचतो. संध्याकाळी मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं दिव्यांनी उजळतात. त्यांत बॅकरा नावाचा पत्त्यांचा एक खेळ चालतो. जगातलं सर्वांत मोठं कॅसिनो-शहर म्हणजे मकाव, आणि तिथल्या कॅसिनोंची बहुतांश कमाई याच एका खेळातून होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तो लोकप्रिय झाला. आज जो प्रकार सर्वत्र चालतो तो क्युबातल्या हवानामधून १९५९ मध्ये लास वेगासला गेला. एवढा प्रवास करून आलेल्या या खेळातही हारजीत ठरते ती बाकीवरच, फक्त इथे चारऐवजी दहाने भागायचं असतं.

हा खेळ कसा जिंकायचा, याच्या शेकडो युक्त्या सांगितल्या जातात. त्या सगळ्यांचं उत्तर गणिताने केव्हाच शोधून ठेवलं आहे. ते उत्तर जिंकण्यापेक्षा जास्त थरारक आहे, आणि ते कसं सापडतं हे कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कुणालाही समजू शकतं.

खेळ आणि त्याची बेरीज

पत्त्यांचे आठ कॅट एकत्र पिसतात. एकूण ४१६ पत्ते होतात. ते एका लांबट डब्यात ठेवून एकेक करून काढले जातात. टेबलावर दोन बाजू असतात, एकीचं नाव प्लेअर आणि दुसरीचं बँकर. ही नुसती नावं आहेत. बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे आणि प्लेअर म्हणजे तुम्ही नव्हे. तुम्ही फक्त पैसे लावायचे, यातल्या एका बाजूवर किंवा दोघांची बरोबरी होईल यावर.

दोन्ही बाजूंना दोन-दोन पत्ते मिळतात. एक्क्याची किंमत एक. दुर्रीपासून नव्वीपर्यंत पत्त्यावर असेल ती. दश्शी, गुलाम, राणी आणि राजा यांची किंमत शून्य. बेरीज करायची आणि दहाचा आकडा सोडून फक्त एकम ठेवायचं. सत्ती आणि अठ्ठी मिळून पंधरा, म्हणून पाच. नव्वी आणि राजा मिळून नऊ. नऊ ही सर्वोच्च बेरीज.

हे गणित महाराष्ट्राला अगदी नवं नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत जो आकडा चालायचा, तो १९६१ मध्ये ते भाव येणं थांबल्यावर अडला. त्यानंतर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, आणि १९६४ पासून रतन खत्री यांचा मटका चालू झाला. त्यात तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि तिचं एकम हा त्या वेळचा आकडा. पाच, तीन आणि सहा निघाले तर चौदा, म्हणून आकडा चार. मुंबईच्या गिरणगावात सातारा-सांगलीकडची आणि कोकणातली माणसं मोठ्या संख्येने होती. ओपन, क्लोज, जोडी हे मटक्याचे शब्द त्यांच्याबरोबर गावोगाव पोहोचले. दहाने भागून उरलेल्या बाकीवर पगाराचा दिवस ठरणं काय असतं, हे अनेक घरांनी तेव्हा पाहिलं.

१६९ जोड्यांचं आश्चर्य

आता कागद घ्या. एक्क्यापासून राजापर्यंत तेरा पत्ते आडवे लिहा आणि तेच तेरा उभे लिहा. तेरा गुणिले तेरा, १६९ चौकोन होतील. प्रत्येक चौकोनात त्या दोन पत्त्यांच्या बेरजेचं एकम लिहा. मग मोजा, प्रत्येक अंक किती वेळा आला.

शून्य २५ वेळा येतो. एक १६ वेळा, दोन १६ वेळा, तीनही १६ वेळा, आणि असं थेट नऊपर्यंत. एकापासून नऊपर्यंतच्या सगळ्या अंकांना नेमकी सारखी संधी आहे, कुणाला एकही जास्त नाही. शून्य २५ म्हणजे पाचाचा वर्ग, बाकी सगळे १६ म्हणजे चाराचा वर्ग. हे तक्त्यात पहिल्यांदा दिसतं तेव्हा क्षणभर विश्वास बसत नाही. चार पत्त्यांना शून्य किंमत देणारा हा नियम कुणा एका गणितज्ञाने आखलेला नाही. तो खेळता खेळता घडत गेला, आणि तरी त्याच्या पोटात इतकी नितळ समता निघाली. प्रत्यक्ष डब्यात एक पत्ता निघाला की उरलेल्यांचं प्रमाण किंचित हलतं, पण आठ कॅट असल्यामुळे ते हलणं फार बारीक असतं.

या तक्त्यातून लगेच एक गोष्ट वाचता येते. पहिल्या दोनच पत्त्यांत आठ किंवा नऊ झाले तर डाव तिथेच संपतो. १६९ पैकी ३२ चौकोन आठ किंवा नऊचे आहेत. दोन्ही बाजू धरल्या तर साधारण तीन डावांपैकी एक डाव असा चार पत्त्यांतच मिटतो.

तिसरा पत्ता आणि केसाएवढा फरक

उरलेल्या डावांत तिसरा पत्ता येतो, आणि इथे खेळाचं खरं सौंदर्य आहे. प्लेअरचा नियम सोपा आहे. बेरीज शून्य ते पाच असेल तर पत्ता घ्यायचा, सहा किंवा सात असेल तर थांबायचं. बँकरची पाळी नंतर येते. प्लेअर थांबला असेल तर बँकरही याच नियमाने वागतो. प्लेअरने पत्ता घेतला असेल, तर बँकर आपली बेरीज आणि प्लेअरला मिळालेला तिसरा पत्ता, दोन्ही बघून वागतो. शून्य ते दोनवर तो नेहमी पत्ता घेतो. तीनवर घेतो, फक्त प्लेअरला अठ्ठी आली असेल तर थांबतो. चारवर, समोर दुर्री ते सत्ती असेल तरच घेतो. पाचवर चौकी ते सत्ती, सहावर छक्की किंवा सत्ती. सातवर थांबतो. इथे कुणाच्याही मर्जीला जागा नाही, सगळं आधीच ठरलेलं आहे.

तीनवर सगळ्या पत्त्यांसमोर पत्ता घ्यायचा आणि एकट्या अठ्ठीसमोर थांबायचं, हा अपवाद मनमानी वाटतो. आपल्या तक्त्याने तो तपासून बघू.

प्लेअरने तिसरा पत्ता घेतला, याचा अर्थ त्याची आधीची बेरीज शून्य ते पाच होती. शून्याचे २५ चौकोन आणि एक ते पाचचे प्रत्येकी १६, मिळून १०५. आता त्यात आठ मिळवा. शून्याचे आठ झाले, एकाचे नऊ, दोनाचे शून्य, तिनाचा एक, चाराचे दोन आणि पाचाचे तीन. बँकरकडे तीन आहेत आणि तो थांबला, तर शून्य, एक आणि दोनला तो हरवतो. ते ४८ चौकोन झाले. आठ आणि नऊपुढे तो हरतो, ते ४१. उरलेल्या १६ मध्ये बरोबरी. म्हणजे १०५ पैकी सात चौकोनांचा निव्वळ फायदा. आणि पत्ता घेतला तर? तेराही शक्यता लावून हिशेब केला की निव्वळ फायदा येतो सुमारे ६.६. सात आणि ६.६. एवढ्याशा फरकासाठी तो अपवाद नियमात बसला आहे, आणि तो बरोबर आहे.

संगणक येण्याच्या कितीतरी आधी हा केसाएवढा फरक हेरला गेला. मला या खेळातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

पाच अंत्यांची मोजणी

आता संपूर्ण खेळ मोजू. एका डावात जास्तीत जास्त सहा पत्ते लागतात. ४१६ मधून सहा पत्ते क्रमाने काढण्याचे प्रकार म्हणजे ४१६ × ४१५ × ४१४ × ४१३ × ४१२ × ४११. उत्तर येतं ४,९९,८३,९८,२७,५५,०३,३६०. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी आणि अंत्य अशा पायऱ्या आहेत. त्या मोजणीने हे सुमारे पाच अंत्य होतात. त्याच ग्रंथात अंकपाश नावाचं प्रकरण आहे, अंक किती प्रकारे मांडता येतात हे शिकवणारं. आज पृथ्वीवर आठशे कोटी माणसं धरली आणि हे डाव त्यांच्यात वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वासहा लाख डाव येतील.

तरीही हे सगळे मोजता येतात, कारण इस्पिक की बदाम याने इथे काही बिघडत नाही आणि राजा व दश्शी सारखेच शून्य आहेत. किमती फक्त दहा. सहा जागा, प्रत्येकी दहा किमती, म्हणजे दहा लाख नमुने. प्रत्येक नमुना किती वेळा येईल ते गुणाकाराने काढायचं आणि नियमांप्रमाणे निकाल लावायचा. संगणक हे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. निकाल असा: बँकर जिंकतो ४५.८६ टक्के डावांत, प्लेअर ४४.६२ टक्क्यांत, आणि बरोबरी होते ९.५२ टक्क्यांत.

बँकर पुढे आहे, कारण तो नंतर खेळतो आणि समोरचा पत्ता बघून खेळतो. आपल्याकडच्या अंदर-बाहरमध्ये नेमकं उलट घडतं. तिथे एक पत्ता उघडा ठेवतात आणि त्याच्या जोडीचा पत्ता आत पडतो की बाहेर, यावर पैसे लागतात. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती बाजू ५१.५ टक्के वेळा जिंकते, कारण तिथे माहितीचा प्रश्नच नाही आणि पहिली संधी हाच फायदा असतो.

नाल कुठे आहे

तीनपत्तीच्या अड्ड्यावर जागा देणारा प्रत्येक डावातून नाल काढतो, हे गावाकडे सगळ्यांना माहीत असतं. कॅसिनोही नाल काढतो. बँकरवर जिंकलात तर जिंकलेल्या रकमेतले पाच टक्के तो उघडपणे कापून घेतो. ते पाच टक्के नसते तर बँकरवर पैसे लावणारा कायमचा फायद्यात राहिला असता. ते कापून घेतल्यावर पारडं फिरतं, आणि बँकरवर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी १ रुपया ६ पैसे कॅसिनोकडे जातात. प्लेअरच्या बाजूला उघड कपात नाही, पण प्लेअर थोडा कमी जिंकतो, त्यामुळे तिथे जातात १ रुपया २४ पैसे. बरोबरीवर एकास आठ मिळतात म्हणून ती पैज मोहक दिसते, आणि तीच सर्वांत महाग आहे. शंभरामागे १४ रुपये ३६ पैसे.

ताशी ६० डाव आणि प्रत्येक डावाला हजार रुपये धरले, तर बँकरवर सरासरी तासाला ६३६ रुपये जातात. तेच पैसे बरोबरीवर लावले तर ८,६१६. मटक्यात एकेरी आकड्याची संधी दहात एक आणि रुपयाला सहसा नऊ मिळत, म्हणजे शंभरामागे दहा रुपये नाल. त्या मानाने बॅकरा स्वस्त आहे. पण त्यावर सरकारी करही आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला.

युक्त्यांचं काय होतं

सर्वांत प्रसिद्ध युक्ती दुपटीची. शंभर रुपये प्लेअरवर लावा. हरलात तर दोनशे, पुन्हा हरलात तर चारशे. कधीतरी जिंकालच, आणि जिंकलात की मागचं सगळं वसूल होऊन वर शंभर मिळतील. बरोबरीत पैसे परत येतात, त्यामुळे ते डाव सोडून देऊ. सलग सात वेळा हरलात तर गेलेले पैसे होतात १२,७००, आणि आठव्या वेळी लावायचे १२,८००. बहुतेकांचा खिसा किंवा टेबलाची कमाल मर्यादा इथे संपते. सलग सात हार येण्याची शक्यता ११६ मध्ये एक आहे. म्हणजे ११६ फेऱ्या केल्या तर ११५ फेऱ्यांत शंभर-शंभर मिळून ११,५०० येतील आणि एका फेरीत १२,७०० जातील. एकूण तोटा १,२००. युक्तीने तोटा गेला नाही. तो ११५ छोट्या विजयांच्या मागे जाऊन एका मोठ्या हारीत जमा झाला.

दुसरी युक्ती १, १, २, ३, ५, ८, १३ या क्रमाने रक्कम वाढवायची. प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज. जगात हा क्रम फिबोनाचीच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे बाराव्या शतकात हेमचंद्रांनी लघू-गुरू मात्रांच्या छंदरचना मोजताना तो मांडला होता. हरलं की एक पायरी पुढे, जिंकलं की दोन मागे. क्रम सुंदर आहे, पण पत्त्यांना त्याची खबर नसते. रक्कम कशीही वाढवा, कमी करा, थांबून थांबून लावा. तुम्ही बँकरवर एकूण जेवढे पैसे लावाल त्यांच्या बेरजेला १.०६ टक्क्यांनी गुणायचं, की सरासरी तोटा हाती येतो. बेरजेचा हा नियम कुठलीच मांडणी मोडू शकत नाही, कारण ज्या प्रत्येक डावाची ती बेरीज आहे तो प्रत्येक डाव तोट्याचा आहे.

तिसरी युक्ती मागचे निकाल बघण्याची. टेबलाजवळच्या पडद्यावर लाल-निळ्या ठिपक्यांच्या रांगा लागलेल्या असतात. सलग सहा वेळा बँकर आला की कुणी म्हणतं लाट आहे, कुणी म्हणतं आता प्लेअर यायलाच हवा. एका डब्यात सुमारे ८० डाव होतात, त्यातल्या बरोबऱ्या वगळल्या की सत्तरच्या वर उरतात. निव्वळ योगायोगाने चाललेल्या अशा सत्तर डावांत सहा किंवा जास्तची सलग रांग सरासरी एकदा येते. ती दिसण्यात विशेष काही नाही. मोंटे कार्लोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेटच्या चक्रावर सलग २६ वेळा काळा रंग आला होता. आता लाल येणारच, असं मानून पैसे लावत गेलेल्यांनी त्या रात्री फार मोठ्या रकमा गमावल्या.

चौथी युक्ती पत्ते मोजण्याची. एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून कॅसिनोला हरवता येतं हे सिद्ध केलं आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याने विल्यम वॉल्डेनबरोबर बॅकराही तपासला. प्लेअर आणि बँकर या मुख्य पैजांत, कितीही नीट मोजलं तरी व्यवहारात उपयोगी पडेल असा फायदा सापडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

मग बॅकरात कॅसिनोला कुणी कधी हरवलंच नाही का? फिल आयव्ही या नावाजलेल्या खेळाडूने २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात ७७ लाख पौंड जिंकले. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना किंचित वेगळी होती. त्याच्या साथीदाराने शुभशकुनाचं निमित्त सांगून काही पत्ते उलट्या दिशेने फिरवून घेतले, आणि पुढे पाठ बघूनच पत्ता ओळखता येऊ लागला. क्लबने पैसे दिले नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आयव्हीच्या विरुद्ध निकाल दिला. पैसे कसे लावायचे याच्या युक्तीने तो जिंकला नव्हता. न दिसणारा पत्ता त्याला दिसत होता.

जिंकून येणारे खोटं बोलत नाहीत

एवढं स्पष्ट असेल तर लोकांचा युक्त्यांवर विश्वास का? याचं उत्तर गणितातल्या आणखी एका नवलात आहे. दर डावाला हजार रुपये लावून बँकरवर १०० डाव खेळलात तर सरासरी तोटा १,०६० रुपयांचा. पण नशिबाचा हेलकावा सुमारे ९,३०० रुपयांचा, वर किंवा खाली. तोटा हेलकाव्यात बुडून जातो. शंभर डावांनंतर शंभर माणसांपैकी पंचेचाळीसच्या आसपास जिंकून उठतात. ते खरंच जिंकलेले असतात, आणि जी युक्ती वापरली तिचे गोडवे गातात.

डाव शंभरपट करा. दहा हजार डावांनंतर तोटा शंभरपट होतो, १,०६,०००. हेलकावा मात्र दहापटच वाढतो, ९३,००० च्या आसपास. आता शंभरातले तेरा-एक जण पुढे असतात. आणखी शंभरपट करा. दहा लाख डावांनंतर तोटा १ कोटी ६ लाख, हेलकावा सव्वानऊ लाख. आता कुणीही पुढे नसतं. एकटा माणूस आयुष्यात दहा लाख डाव खेळत नाही. कॅसिनो मात्र सगळ्यांशी मिळून रोज खेळतो. म्हणून तुमची रात्र अनिश्चित असते आणि कॅसिनोचं वर्ष निश्चित असतं. दोघेही एकाच टेबलावर बसलेले असतात.

मोजता येण्याच्या बळावर द्यूत जिंकल्याची एक गोष्ट मात्र आपल्याकडे आहे, महाभारताच्या वनपर्वातली नळ राजाची. पुष्कराशी द्यूत खेळून राज्य हरलेला नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भाकडे जाताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण एका दृष्टीत सांगतो की त्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळं आहेत. नळ रथ थांबवून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात नळ ही मोजण्याची आणि फाशांची विद्या शिकतो आणि पुष्कराकडून राज्य परत जिंकतो. रघुनाथ पंडितांच्या काव्यामुळे नळ-दमयंती मराठी घरांत परिचित आहेत, पण त्या कथेतला हा गणिती भाग फारसा सांगितला जात नाही. नळाच्या खेळात मोजणाऱ्याला काही करायला वाव होता. बॅकरात तो कुणालाच नाही. मोजता येणाऱ्या माणसाला इथे मोजणी एवढंच सांगते की उठून जा.

कायदा आणि आपण

गोव्याचा सार्वजनिक जुगारविषयक कायदा १९७६ चा. पुढच्या दुरुस्त्यांनी तिथे पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या आणि जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. मात्र २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मनाई आहे. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. उंब्रज असो की मुंबई, इथे १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभर बंदी घालणारा कायदा केला. अंदर-बाहर आणि बॅकरा फोनमधून थेट शेताच्या बांधापर्यंत पोहोचले होते, आणि फोनवर डाव टेबलापेक्षा कितीतरी वेगाने होतात. वेग वाढला की दहा लाख डावांचं अंतर जवळ येतं.

म्हणून हा खेळ घरी खेळा, पैशांशिवाय. एक कॅट पिसा, मुलांना दोन-दोन पत्ते वाटायला सांगा आणि बेरजेचं एकम वहीत मांडा. साधारण सातांतून एकदा शून्य येईल आणि बाकीचे अंक प्रत्येकी दहांतून एकदा. शंभर-दोनशे वेळा मांडलं की कागदावर तक्ता आपोआप उभा राहील, आणि संभाव्यता म्हणजे काय हे पुस्तक न उघडता समजेल. गोव्याला गेलात आणि टेबलाशी बसलातच, तर जी रक्कम तिकिटाच्या पैशांसारखी गेली असं धरू शकाल तेवढीच घेऊन बसा, बरोबरीवर एक रुपयाही लावू नका, आणि युक्ती विकत देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. ऋग्वेदातल्या त्या जुगाऱ्यासारखं ज्यांना थांबता येत नाही, त्यांना उपदेशापेक्षा मदतीची गरज असते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते.